थोरचाके आणि लहानचाके



हल्ली लाळेचा नमुना कुरियरने पाठवला की आपलं ‘मूळ’ टक्केवारीत घरपोच येतं. आपल्या सिल्वासातल्या कॉलेजच्या पोरांनाही त्याचं भारी कौतुक. त्यांच्यासाठी आज इरावती कर्वे.

‘युगान्त’मुळे त्या लेखिका म्हणून घरोघरी माहीत आहेत, पण त्यांचा पेशा माणसं मोजण्याचा. १९२० च्या दशकाअखेर त्या बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशविचाराला बळ देणारे. कवटीच्या ठेवणीवरून गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाशी संबंध दिसत नाही, असं सरळ लिहून दिलं. परका देश, वय पंचविशीच्या आत-बाहेर आणि समोर गुरू! आमच्याकडे मॅनेजरला ‘डेटा तसं म्हणत नाही’ सांगताना घाम फुटतो.

नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. कुंभारांतच थोरचाके आणि लहानचाके असे गट. चाकं वेगळी, रोटीबेटी वेगळी. मग एकाच जातीच्या या फांद्या, की धंदा एक म्हणून एका नावाखाली आलेले वेगळे लोक? बाईंचा कौल दुसऱ्या बाजूला. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांसोबत त्यांनी बरोबरीच्या दर्जाच्या आठ गटांची शारीरिक तुलना छापली, त्यातही हाच प्रश्न होता. माझ्या भाषेत, एका फोल्डरमधल्या फाइली म्हणजे एकाच फाइलच्या कॉप्या नव्हेत.

आता डीएनए वाचता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात सरमिसळ जोरात होती. पुढे लग्नं गटातच होऊ लागली. २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांतल्या ८१ गटांची मुळं इतक्या थोड्या पूर्वजांत सापडली, की फिनलंडचे लोकही मागे पडले. अशा गटांत आई-वडील दोघंही एकाच आजाराचे वाहक निघण्याची शक्यता वाढते.

आपल्या वधू-वर फॉर्मात पोटजातीला अख्खी ओळ आहे. थॅलेसेमिया, सिकलसेलच्या तपासणीला एकही नाही. नवा फॉर्म दिवाळीनंतर छापायचाय. त्याआधी समितीत कोण कोण माझ्या बाजूने बोलणार, ते कळवा.