वर्दी देणाऱ्या यंत्राची विचारपूस

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीच्या मालकाने अथवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून आगविषयक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला घेऊन तो अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. परंतु हा कागद दप्तरी दाखल झाला म्हणजे आपल्या शयनगृहाच्या छतावरील धूरसूचकही शाबूत आहे, असे जे समाधान सोसायटीचे सभासद मानून घेतात, ते मला सर्वथा निराधार वाटते. तपासनीस जिने, पंप आणि नळखांबे पाहून जातो. कुलूपबंद सदनिकेच्या आत काय चालले आहे, ते त्याला कसे कळावे?

वस्तुतः या यंत्राचे खरे काम रात्रीचे. निद्रिस्त मनुष्याला धुराच्या वासाने जाग येईलच असा भरवसा नाही आणि धुरासोबतच्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, त्यामुळे ज्वाळा अंथरुणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माणूस गुदमरतो. छतावरील त्या वाटोळ्या डबीत, बहुधा, एक काळोखी पोकळी असते. तीत शिरलेले धूरकण प्रकाशकिरण विखुरतात, तो संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. साहजिकच धूळ, कोळिष्टक किंवा झुरळाचे पिल्लूही तिला फसवू शकते, आणि रंगाऱ्याने काम करताना चढवलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिली, तर ती पुरती आंधळी होते. रंगकामानंतर भिंतींची छटा न्याहाळणारे पुष्कळ. ती टोपी उतरली की नाही, हे पाहणारे विरळा.

दुसरा अपराध फोडणीच्या नावावर मांडला जातो. मिरचीच्या धुराने भोंगा वाजतो, म्हणून चिडलेला गृहस्थ बॅटरीच काढून ठेवतो. वास्तविक दोष जागेचा असतो. स्वयंपाकघरात उष्णतासूचक बसवावा आणि धूरसूचक चुलीपासून दूर, झोपण्याच्या खोलीत व तिच्याबाहेरील बोळात असावा.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाची कळ महिन्यातून एकदा दाबावी, जाळी मऊ ब्रशने झाडावी, बॅटरी वर्षाला बदलावी (सीलबंद बॅटरीचा प्रकार याला अपवाद), आणि निर्मितीस दहा वर्षे झाली की उपकरणच मोडीत काढावे. अधूनमधून उमटणारी चिवचिव ही क्षीण झालेल्या बॅटरीची तक्रार असते, तिच्याकडे कानाडोळा नको. इमारतीच्या मुख्य फलकाशी तारेने जोडलेल्या सूचकाला मात्र सहसा कळ नसते. तेथे तंत्रज्ञाने घरात येऊन चाचणीच्या धुराचा फवारा मारावा, आणि त्याच वेळी खाली फलकावर नेमक्या त्याच सदनिकेची वर्दी उमटते काय, हे कोणीतरी पाहावे.

यास्तव माझी सूचना अशी की, सप्टेंबरअखेरपूर्वी भरणाऱ्या वार्षिक सभेत चिटणिसांनी सहामाही दाखल्यासोबत सदनिकावार तपशीलही वाचून दाखवावा, आणि ज्या घरांचे दार तपासणीच्या दिवशी उघडले नाही, त्यांच्यासाठी रविवारची दुसरी तारीख त्याच सभेत मुक्रर करावी.