मोफत म्हणजे मुक्त नव्हे

‘हे सॉफ्टवेअर फ्री आहे’ असे कोणी म्हटले की पुढची चर्चाच खुंटते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. प्रोग्राम लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शब्दांचे अर्थ हा आमचा प्रांत निश्चितच आहे, आणि म्हणून या ‘फ्री’ला हरकत घेणे आम्हांस भाग आहे. पैसे न पडणे आणि बंधन नसणे या दोन भिन्न गोष्टी इंग्रजीतील हा एकच शब्द सांगतो. मराठीत त्यांसाठी मोफत आणि मुक्त असे दोन स्वच्छ शब्द आहेत. असे असता मराठीतून संगणकाविषयी लिहिणाऱ्यांनीही दोहोंस ‘फ्री’च म्हणावे, हा निव्वळ आळस होय, आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

प्रोग्राम लिहिणे, त्यातील चुका शोधणे व तो चालवून पाहणे ही कामे एकत्र करू देणाऱ्या साधनास ‘आयडीई’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या व्हिज्युअल स्टुडिओ या आयडीईची एक्सप्रेस आवृत्ती २००६ साली कायमची मोफत केली. पुढे एका ब्रिटिश प्रोग्रामरने स्वतः रचलेले चाचणीचे साधन तिला जोडून दिले, तेव्हा परवान्याचा भंग झाला म्हणून कंपनीच्या वकिलांची पत्रे त्याच्या दारी पोहोचली. आवृत्ती मोफत होती. तिला हात लावण्याची मुभा मात्र नव्हती. मॅक संगणकांसाठीच्या व्हिज्युअल स्टुडिओचीही मोफत आवृत्ती मिळत असे. ते उत्पादन बंद करण्याचे कंपनीने २०२३ साली जाहीर केले आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा आधार संपला. वापरणाऱ्यांना दुसरी वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

याउलट नेटबीन्सचा इतिहास पाहावा. १९९६ साली प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ही आयडीई जन्मली. १९९९ मध्ये सन कंपनीने ती विकत घेतली आणि २००० मध्ये तिचा स्रोत खुला केला. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. ओरॅकलने २०१६ साली नेटबीन्स अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवण्याचे पाऊल उचलले, आणि २०१९ पासून ती तेथील पूर्ण दर्जाचा प्रकल्प आहे. मालक बदलले, साधन टिकले. अर्थात मुक्त साधन आपोआप जगत नाही; त्याला राबणारे हात लागतातच. पण त्या हातांना मज्जाव नसतो, एवढाच आमचा मुद्दा.

यावर आक्षेप येतो की गरीब विद्यार्थ्याला परवान्याचे काय? चोरीच्या प्रतीपेक्षा मोफत प्रत शतपटीने बरी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या साधनावर तो उमेदीची वर्षे घालवणार, त्यावर त्याचा हक्क किती, हे त्यास सांगावयाचे की नाही? २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा स्रोत मुक्त परवान्याचा आहे; कंपनी देते ती तयार प्रत मात्र निराळ्या परवान्याची, आणि वापराविषयीची माहिती कंपनीकडे धाडणारी. ती माहिती बहुतांशी रोखता येते, पण त्यासाठी ती जाते हे आधी ठाऊक हवे. ज्यांना हे खटकले त्यांनी त्याच स्रोतातून व्हीएसकोडियम सिद्ध केले. मोफत आणि मुक्त यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही निवड करता येते. ज्याला दोन्ही ‘फ्री’ म्हणून शिकवले, त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच उभा राहत नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. कोणती आयडीई वापरावी हे संगणकाच्या प्राध्यापकांनी ठरवावे. पण पहिल्याच तासाला फळ्यावर मोफत आणि मुक्त हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहावेत आणि हाती घेतलेले साधन त्यांपैकी कशाखाली येते, ते परवाना उघडून वर्गासमोर वाचून दाखवावे. एवढ्याने अभ्यासक्रम मागे पडणार नाही.