दोन सिलिंडरचा हत्ती

गाडीवेड्यांच्या अड्ड्यावर चांगल्या इंजिनापेक्षा विचित्र इंजिनाला मान जास्त असतो. चहा येईपर्यंत कुणीतरी माझ्दाच्या रोटरीवर येतोच. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसता तिकोनी रोटर गरगर फिरतो आणि त्याच्याच जोरावर माझ्दाने 1991 साली ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली! लगेच दुसरा उसळतो, ‘अरे, पण टोकाचे सील झिजतात, ऑइल खातं आणि पेट्रोल तर विचारूच नकोस.’ मग सुबारूचं आडवं इंजिन निघतं, मग आणखी कुठलं तरी. यातली एकही गाडी बहुतेकांनी चालवलेली नसते. त्यानं काही बिघडत नाही म्हणा. क्रिकेटवर बोलायला रणजी खेळलेलं असावं लागत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. याच अड्ड्यासमोरून कांद्याच्या गोण्या लादलेला छोटा हत्ती खडखडत जातो आणि कुणी मानही वर करत नाही. वास्तविक अख्ख्या रस्त्यावर त्या क्षणी सर्वांत तऱ्हेवाईक इंजिन त्याचंच असतं.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. ती 2005 साली बाजारात आली. ती बनवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या टीमपुढे प्रश्न होता तो स्वस्त डिझेल इंजिनाचा. घरात इंडिकाचं 1405 सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्यांनी ते निम्मं केलं. दोन सिलिंडर, 702 सीसी, ताकद 16 अश्वशक्ती, आणि त्यावर पाऊण टन माल. पुण्यातल्या कितीतरी कॉलेजकुमारांच्या बाइक ताकदीत याला भारी पडतील.

निम्मं करणं बोलायला सोपं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे बरेचसे धक्के आतल्या आत जिरतात. दोनच पिस्टन उरले की पंचाईत होते. स्फोट सारख्या अंतरानं हवे असतील तर दोघांना एकदमच वर-खाली करावं लागतं, आणि मग सगळी गाडी त्यांच्याबरोबर थरथरते. एकाला वर, एकाला खाली ठेवलं तर इंजिनाची लय लंगडते. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या छोट्या हत्तीकडे एकदा नीट बघा. डॅशबोर्डवरचा गणपती डुलत असतो, आणि बाजूच्या आरशात मागची एसटी एक नाही, दोन दिसतात.

त्याच वाघ यांच्या टीमनं पुढे नॅनो केली. 2008 मध्ये दाखवली, 2009 मध्ये विकायला काढली. पुन्हा दोनच सिलिंडर; पण पेट्रोलवर, 624 सीसी आणि मागच्या सीटमागे. थरथर कमी करायला क्रँकच्या उलट दिशेनं फिरणारा एक बॅलन्सर शाफ्ट बसवला. चाकाला नट तीनच. पंपावरचा पोऱ्या पेट्रोलचं झाकण शोधत गाडीभोवती फेरी मारायचा आणि मालक उतरून पुढचं बॉनेट उघडायचा, कारण टाकीचं तोंड तिथे! अशी गाडी इटलीत झाली असती तर आपल्या अड्ड्यावर तिच्या आरत्या झाल्या असत्या. आपण तिला रिक्षा म्हणून मोकळे झालो. 2018 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

मारुतीनंही हा प्रयोग करून पाहिला. 2015 ची डिझेल सेलेरिओ, 793 सीसी, सिलिंडर दोन. मायलेज झकास, पण आवाजानं आणि थरथरीनं लोक बिचकले. दोन वर्षांतच ती गेली. तेच इंजिन मालवाहू सुपर कॅरीत बसवलं, तिथे मात्र ते आणखी काही वर्षं टिकलं. माझ्या मते दोन सिलिंडरच्या मोटारींना आपल्याकडे इंजिनिअरांनी नव्हे, गिऱ्हाइकाच्या कानानं हरवलं. एवढे पैसे मोजल्यावर गाडी गाडीसारखी वाजली पाहिजे, हा आपला हट्ट. कांद्याच्या गोणीला असला हट्ट नसतो, म्हणून हत्ती चालला.

डिझेल बुलेटचंही असंच झालं. 325 सीसीचं डिझेल इंजिन, साडेसहा अश्वशक्ती, पळायला मंद आणि कानाला वैताग. चालू होती तेव्हा हौशी लोक तिला हसायचे. दूध घालणारे आणि शेतकरी ती मुकाट्यानं वापरायचे. आता तीच बुलेट दिसली की सगळे मोबाइल काढून गोळा होतात आणि ‘विकणार का?’ म्हणून मालकाच्या मागे लागतात. बऱ्याचशा तोवर भंगारात गेल्या.

पहिल्या वर्षांतले छोटे हत्ती आता विशीत आहेत. कुणाचा पत्रा गेलाय, कुणाचं इंजिन बदललंय, कुणी फिटनेसच्या भानगडीला कंटाळून तोडायला दिलाय. व्हिंटेज गाड्यांच्या फेरीत ब्युइक असते, मर्सिडीज असते; मूळ 702 सीसीच्या इंजिनाची एस मी अजून पाहिलेली नाही. कुणाच्या गोठ्यात, गोडाऊनमागे तशी उभी असेल, तर कृपा करून किलोच्या भावानं देऊ नका. निदान इंजिन तरी उतरवून ठेवा.