विश्लेषण : ‘लेचवे’ एक की अनेक?

गुडघाभर पाण्यात चरणारा आणि पाण्यातूनच धावत जीव वाचवणारा लेचवे हा दक्षिण-मध्य आफ्रिकेतील कुरंग. बोट्स्वानाच्या ओकावांगोत लाल, झांबियाच्या बांगवेउलू दलदलीत काळा, तर काफुए मैदानात तिसराच. ‘आययूसीएन’ त्यांना एकाच प्रजातीच्या उपप्रजाती मानते. काही शास्त्रज्ञ स्वतंत्र प्रजाती.

वाद नुसता नावाचा नाही. सगळे एकच धरले, तर ओकावांगोतील मोठ्या कळपांमुळे ‘संकटसमीप’ एवढाच शिक्का बसतो. काफुए लेचवे वेगळा मानला, तर त्याचे सारे जग एका पूरमैदानापुरते उरते. आणि तिथल्या पुराचे वेळापत्रक १९७०च्या दशकातील धरणांनी केव्हाच बिघडवले आहे. झांबियातलाच रॉबर्ट्‌स लेचवे तर विसाव्या शतकात नामशेषही झाला.