यंत्र आपले, आज्ञावली कोणाची?

खेळायचे यंत्र हाती आले की मुले खेळतात आणि वडीलधारी माणसे रागावतात. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने त्या यंत्रातील आज्ञावलीच बदलायला घेतली, तर राग दुप्पट होतो. "उगाच खुडबूड करू नकोस, बिघडेल!" असे त्याला बजावले जाते. माझ्या मते ही खुडबूड शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखत व्हायला हवी.

एक उदाहरण घेऊ. आन्बर्निक या चिनी कंपनीने २०२२ च्या अखेरीस 'आरजी ३५ एक्सएक्स' नावाचे एक स्वस्त यंत्र विक्रीस आणले. साडेतीन इंची पडदा, २५६ मेगाबाइट स्मृती आणि काम एकच: जुन्या खेळयंत्रांची हुबेहूब नक्कल करणे. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या फॅमिकॉमसाठी लिहिलेल्या आज्ञा हे यंत्र वाचते आणि दुभाष्याप्रमाणे आपल्या भाषेत उतरवून पार पाडते. यंत्र सुरू होण्यापासून हा सारा कारभार चालवणाऱ्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

गंमत अशी, की या यंत्राचे फर्मवेअर नखाएवढ्या सुट्या कार्डावर असते. 'गार्लिक ओएस' हे त्याच्यासाठी तयार झालेले पर्यायी फर्मवेअर. यंत्र बंद करताना खेळ जेथे थांबला, तेथूनच तो पुन्हा सुरू होण्याची सोय त्यात आहे. ते बसवायचे तर मूळ कार्ड काढून जपून ठेवावे, नव्या कार्डावर संगणकाने हे फर्मवेअर लिहावे आणि ते यंत्रात घालावे. चुकले तर जुने कार्ड परत घालावे, यंत्र पूर्ववत!

मात्र सर्वच यंत्रे अशी नसतात. पुष्कळ यंत्रांत फर्मवेअर आतल्या चिपवर असते आणि लिहिताना मध्येच वीज गेली, तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: फर्मवेअर राहते कोठे आणि परतीची वाट आहे का? उतरवून घेतलेल्या फाइलचा चेकसम ताडून पाहावा. लिहिण्यापूर्वी संगणकावर योग्य कार्डच निवडले आहे ना, हे दोनदा तपासावे. नाहीतर भलत्याच डिस्कवरील सारे पुसले जाईल. प्रत्येक पायरी वहीत टिपावी. विज्ञानाची शिस्त याहून वेगळी ती कोणती?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. फर्मवेअर बदलणे वेगळे आणि दुसऱ्याच्या खेळांच्या फुकट प्रती मिळवणे वेगळे. खेळ जुना झाला म्हणून त्यावरील हक्क संपत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाच्या आज्ञावलीलाही संरक्षण आहे. शिक्षकांनी हा भेद स्पष्ट सांगावा आणि हौशी रचनाकारांनी स्वखुशीने खुले केलेले खेळच प्रयोगासाठी घ्यावेत.

उद्या आपल्या घरातील पंखा, दिवा, कुलूपसुद्धा फर्मवेअरवर चालेल. काही घरांत आजच चालते. ते कोणी लिहिले, ते आपल्याला बदलता येते की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो यंत्राचा मालक नव्हे, केवळ गिऱ्हाईक. मालक होण्याचा पहिला धडा एका खेळण्यावर गिरवता येत असेल, तर शाळेने तो नाकारू नये.