एसटी कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या रक्षणाबाबत निवेदन

दिनांक : १० ऑक्टोबर २०२५ (जागतिक मानसिक आरोग्य दिन)

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्य परिवहन महामंडळातील चालक, वाहक व यांत्रिक कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी नियोक्ता म्हणून महामंडळाने स्वीकारण्याबाबत.

संदर्भ : १) मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१, २) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, ३) मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७.

महोदय,

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राची शाळा, बाजार, दवाखाना आणि न्यायालय एसटीच्या भरवशावर चालत आले आहे. हा भरवसा ज्या माणसांच्या खांद्यावर उभा आहे, त्यांच्या मनाच्या प्रकृतीचा विचार मात्र आजवर प्रत्येकाची खासगी बाब म्हणून बाजूला ठेवला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपाच्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या राज्याने वाचल्या. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसते, तरीही त्या बातम्यांनी उभा केलेला प्रश्न संप मिटल्यावर मिटला असे मानता येणार नाही.

मानसिक आरोग्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे. रोजचे ताण पेलण्याची, आपले काम नीट करण्याची आणि माणसांशी नाते टिकवण्याची क्षमता त्यात येते. ही क्षमता कामाच्या ठिकाणी कशामुळे खचते, याची एक सर्वमान्य मांडणी रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये केली. कामाचा रेटा मोठा आणि त्या कामावर कर्मचाऱ्याचे स्वतःचे नियंत्रण अल्प, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली म्हणजे ताण साचत जातो, असे तिचे सार आहे. बसचालकाच्या कामाला ही मांडणी तंतोतंत लागू पडते. वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेले, रस्ता आणि रहदारी कोणाच्याच हाती नसलेली, गाडीची अवस्था कार्यशाळेवर अवलंबून, आणि उशीर झाला की जाब मात्र चालकालाच द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही व्यक्तीवरील उपचारांच्या जोडीने कामाच्या मांडणीतील बदल आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण यांची शिफारस आहे. वर्षातून एकदा तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवून नियोक्त्याचे कर्तव्य संपत नाही, असाच याचा अर्थ होतो.

मुक्कामी गाडीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी आगारातून सुटलेली गाडी शेवटच्या गावी रात्री पोहोचते आणि पहाटे विद्यार्थी, दूधवाले व बाजारकरी यांना घेऊन परत निघते. जिथे खोलीची सोय नाही, तिथे चालक आणि वाहक गाडीतल्याच बाकांवर अंग टाकतात. पैशांची बॅग आणि तिकिटाचे मशीन उशाशी असल्याने वाहकाची झोप सावधच राहते, आणि शौचालयासाठी उजाडण्याआधी गावाबाहेर जावे लागते. महिला वाहकाच्या बाबतीत याच रात्रीचा अर्थ आणखी कठीण होतो. दुसऱ्या दिवशी आगारात परतल्यावर भरणा, म्हणजे तिकीटविक्रीची रक्कम मोजून जमा करणे, हे काम उरतेच. त्यात फरक निघाला तर तो वाहकाच्या खिशातून जातो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. या लोकहिताच्या निर्णयांचे स्वागतच आहे; मात्र त्यामुळे वाढलेली गर्दी, ओळखपत्रांची तपासणी आणि त्यावरून होणारे वाद यांचा भार वाहकाच्या वाट्याला आला आहे, याचीही नोंद घेतली जावी.

दुसरा ताण आघाताचा आहे. अपघातात समोर माणूस गेलेला पाहणे किंवा आंदोलनात गाडीवर झालेली दगडफेक झेलणे, अशा प्रसंगांनंतर काहींना ‘आघातोत्तर तणाव’ जडतो. म्हणजे तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, झोप उडते, त्या रस्त्याने जाण्याचीही धास्ती वाटते. वेळीच ओळखल्यास यावर परिणामकारक उपचार आहेत. परंतु अपघातानंतर चालकाभोवती पोलीस, पंचनामा आणि खातेनिहाय चौकशी यांचीच रांग लागते. त्याला झोप लागते का, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

तिसरी बाब मौनाची. मनाचा त्रास सांगितला तर हातातले स्टेअरिंग जाईल आणि त्याबरोबर घराचा चरितार्थ जाईल, ही भीती दूर होत नाही तोवर कोणताही चालक समुपदेशकाकडे फिरकणार नाही. वास्तविक कायदा कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. २०१६ च्या अधिनियमात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश असून, सेवाकाळात दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये वा पदावनत करू नये, पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे कलम २० सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे म्हटले आहे. हे संरक्षण आगाराच्या सूचनाफलकापर्यंत पोहोचवणे हे नियोक्त्याचे काम आहे.

या पार्श्वभूमीवर पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत :

१. विश्रांतीची हमी : १९६१ च्या अधिनियमातील दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा आणि दोन कामगिऱ्यांमधील सलग नऊ तासांची विश्रांती काटेकोर पाळली जावी. विश्रांतीचे तास गाडी आगारात शिरल्यापासून न मोजता भरणा पूर्ण झाल्यापासून मोजले जावेत. दिवाळी, गणेशोत्सव व आषाढी यात्रेच्या जादा गाड्यांसाठी लागोपाठ डबल ड्युटी लावली जाऊ नये.

२. कामगिरीचे आगाऊ वाटप : किमान एका आठवड्याची कामगिरी आधी जाहीर व्हावी, आपसांत अदलाबदल करण्याची मुभा असावी आणि साप्ताहिक सुटी रद्द झाल्यास तिचे कारण लेखी दिले जावे. कामावरचे थोडेसे नियंत्रणही ताण हलका करते, आणि या मागणीला फारसा खर्च येत नाही.

३. मुक्कामाची सोय : रात्री थांबावे लागते अशा ठिकाणी विश्रांतिगृह असावे, हे तत्त्व कायद्यातच आहे. ग्रामपंचायतींच्या सहकार्याने प्रत्येक मुक्कामी गावी कडी-कुलपाची खोली, खाट, दिवा, पाणी व शौचालय उपलब्ध व्हावे. ही सोय होईपर्यंत त्या मार्गावर महिला वाहकांना मुक्कामी कामगिरी देऊ नये.

४. आघातानंतरची रजा : प्राणांतिक अपघात किंवा हल्ल्यानंतर संबंधित चालक-वाहकास अर्ज न मागता भरपगारी रजा मिळावी, तीन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशकाची भेट घडवून आणावी आणि कामावर परतताना सुरुवातीस कमी अंतराच्या फेऱ्या द्याव्यात. ही मदत चौकशीच्या निकालावर अवलंबून ठेवू नये.

५. नोकरीचे संरक्षण : उपचार घेत असल्याच्या कारणावरून कोणाचीही बदली, निलंबन वा वेतनकपात होऊ नये, असे परिपत्रक काढावे. औषधांमुळे काही काळ गाडी चालवणे सुरक्षित नसल्यास त्याच वेतनावर पर्यायी काम द्यावे. प्रवाशांची सुरक्षितताही यातूनच साधेल, कारण अशा संरक्षणाखेरीज चालक त्रास लपवून गाडी चालवत राहतो.

६. गोपनीय समुपदेशन : प्रत्येक विभागात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सहकार्याने स्वतंत्र समुपदेशक नेमावा. २०१७ च्या अधिनियमानुसार उपचारांविषयीची माहिती गोपनीय असल्याने तिची नोंद सेवापुस्तकात होऊ नये. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आगार, कार्यशाळा व विश्रांतिगृहांत ठळकपणे लावावा.

७. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण : आगार व्यवस्थापक, वाहतूक नियंत्रक आणि मार्ग तपासणी पथकांना खचलेल्या सहकाऱ्याची चिन्हे ओळखण्याचे व त्याच्याशी सन्मानाने बोलण्याचे प्रशिक्षण मिळावे. प्रवाशांसमोर कर्मचाऱ्याला अपमानित करण्याची प्रथा लेखी आदेशाने बंद व्हावी.

८. आढावा समिती : कर्मचारी प्रतिनिधी, महिला कर्मचारी, मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रशासन यांची समिती स्थापन करून तिचा वार्षिक अहवाल, कोणाचीही ओळख उघड न करता, प्रसिद्ध करावा.

यांपैकी मागणी क्रमांक १, २ व ५ साठी नवीन इमारतीची वा मोठ्या निधीची गरज नाही; त्या प्रशासकीय आदेशाने ३० दिवसांत अमलात येऊ शकतात, आणि दिवाळीच्या गर्दीपूर्वी किमान विश्रांतीबाबतचा आदेश निघावा, अशी निवेदनकर्त्यांची आग्रही विनंती आहे. उर्वरित मागण्यांसाठी कालबद्ध आराखडा ठरवण्यास कर्मचारी प्रतिनिधींची बैठक बोलवावी आणि घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
एसटीचे चालक, वाहक व यांत्रिक कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१) मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई सेंट्रल, मुंबई
२) मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य
३) सर्व विभाग नियंत्रक