पदव्युत्तर प्रबंधाचे मोल

१९३७ साली अमेरिकेतील एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केवळ मास्टर्सच्या पदवीकरिता जो प्रबंध सादर केला, त्याच्या आधारावर आजच्या संगणकातील तर्कमंडलांची रचना उभी असताना, आपल्याकडे एम.टेक.चा प्रबंध म्हणजे सुबक बांधणी करून दफ्तरदाखल करावयाचा कागद समजला जावा, याचा विषाद वाटतो. शॅननकडे काम होते ते व्हॅनिव्हार बुश यांच्या, अवकल समीकरणे सोडविणाऱ्या अवाढव्य यंत्राची देखभाल करण्याचे. त्याच्या नियंत्रणमंडलातील शंभराहून अधिक रिले उघडत-मिटत असता, मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलेले जॉर्ज बूलचे तर्कगणित त्याच्या कामी आले. दोन स्विच एकापुढे एक जोडले की ‘आणि’, समांतर जोडले की ‘किंवा’! (आमच्या किती विभागप्रमुखांनी अभियंत्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसण्याची मुभा दिली असती, हा सवाल तूर्त बाजूस ठेवू.) सबब, पदव्युत्तर विद्यार्थ्यास पहिल्याच सत्रात एखाद्या चालत्या आणि अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्राच्या हवाली करावे, अन्य विद्याशाखेचा एक विषय त्याला खुशाल घेऊ द्यावा, आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पृष्ठसंख्येची चौकशी न करता त्या यंत्राचे झाकण उघडावयास सांगावे.